निळी सवत

आमच्या घरात एक सवत होती. रंगानं निळी, उंचीनं वीतभर आणि सतत फुसफुसणारी. मागच्या खोलीत खिडकीला लागून जे टेबल आहे, त्यावर तिचा मुक्काम. निवृत्त होताना बरोबरीची माणसं निरोपाचं घड्याळ घेऊन घरी गेली, आणि आमचे हे कॉलेजातला जुना बर्नर मागून घेऊन आले. भंगारात निघालेला, तोंडाशी काळा पडलेला. टेबलावर ठेवला, गॅसची नळी जोडली, काडी लावली आणि माझ्याकडे बघून असे हसले, की लग्नातसुद्धा हसले नव्हते. ही आता इथून हलत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

ह्यांचं काम काचेचं. कॉलेजच्या रसायनशाळेला लागतात ते चंबू, नळ्या, नळीच्या आत वळत जाणाऱ्या नळ्या बनवायच्या, आणि मुलांनी फोडलेल्या पुन्हा जोडायच्या. दोन्ही हातांनी काच ज्योतीत फिरवत राहायची. काचेच्या एका टोकाला रबराची बारीक नळी जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक दातात धरायचं. काच मऊ झाली की नळीतून फुंकर घालायची. कमी पडली तर काच जाड राहते, जास्त झाली तर फुगा फुटतो. अडतीस वर्षं ह्यांनी ही फुंकर मापून घातली. शहरातल्या कितीतरी कपाटांमध्ये ह्यांचा श्वास गोल होऊन बसलेला आहे, आणि त्यात कुणी ना कुणी काही ना काही उकळतंय, असं माझ्या मनात यायचं.

लग्नाआधी ह्यांनी मला एक भेट दिली होती. काचेचा गोळा, लिंबाएवढा, चहूबाजूंनी बंद. मी विचारलं, "आत काय आहे?" म्हणाले, "माझा श्वास." मी घरी येऊन बहिणीला सांगितलं, "माणूस चिकट दिसतोय. भेट म्हणून हवा देतो." तो गोळा कितीतरी वर्षं माझ्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या मधे, कापसात ठेवलेला होता. सत्तावीस वर्षांच्या माणसाचा श्वास आहे तो. त्याला अजून सिगारेटीचा वास लागलेला नव्हता.

पुढे लागला. सिगारेट, काचेची धूळ आणि बिनखिडकीची कार्यशाळा, तिघांनी मिळून आपलं काम केलं. ह्यांना आधी खोकला झाला, मग जिना उंच वाटायला लागला, मग चप्पल घालायला वाकलं तरी धाप लागू लागली. डॉक्टर भला माणूस. त्यानं कागदावर दोन पिशव्या काढल्या आणि सांगितलं, "हा फुफ्फुसांचा जुना आजार आहे. नळ्या आखडल्यात. पूर्वीसारख्या होणार नाहीत, पण औषधानं मोकळ्या ठेवता येतील. औषध पोटात नको, थेट फुफ्फुसात गेलं पाहिजे." सिगारेट ह्यांनी त्याच दिवशी सोडली. सवतीला सोडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि डॉक्टरांना ती आहे हे ह्यांनी तेव्हा सांगितलंच नाही.

पहिलं औषध होतं दाबायच्या पंपाचं. ह्यांना तो मुळीच पटला नाही. "दाबलं की थंडगार काहीतरी घशावर आपटतं. आत किती गेलं, कुठं गेलं, काही दिसत नाही," हे म्हणायचे. पंपाला पुढे लावायचं प्लॅस्टिकचं फुगीर भांडं मिळतं, ते दिलं तर म्हणाले, "ह्या वयात दुधाची बाटली तोंडाला लावायची का?" आणि ते कपाटावर टाकून दिलं. शेवटी डॉक्टरांनी टेबलावर चार तऱ्हेची इनहेलर मांडली आणि म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा, कुठलं आवडतं? जे आवडेल तेच नियमानं घेतलं जाईल."

मी ह्यांना इतक्या प्रेमानं वस्तू निवडताना फार कमी वेळा पाहिलंय. एकेक उचललं, उजेडात धरलं, नखानं टिचकी मारली, बिजागरी उघडून मिटली. एक गोल होतं, त्याला बाजूला आकडे होते. "हे घड्याळ आहे," म्हणून बाजूला ठेवलं. मग आरपार दिसणारं एक छोटं यंत्र हातात घेतलं. त्याचं झाकण उघडायचं, आत पारदर्शक कॅप्सूल ठेवायची, मिटायचं, बाजूची दोन बटणं दाबली की कॅप्सूलला भोकं पडतात, मग तोंडानं जोरात ओढायचं. कॅप्सूल आत भिरभिरते आणि पावडर फुफ्फुसात जाते. "ह्यात दिसतं," हे म्हणाले. झालं, ठरलं.

दवाखान्यात फुफ्फुसं तपासायच्या खोलीत एक सिस्टर आहे, तिनं ते वापरायला शिकवलं. ह्यांची बोटं म्हणजे काय सांगावं. कॅप्सूल बसवली, मिटलं, टक करून भोकं पाडली, सगळं एका तालात. सिस्टर बघतच राहिली. "काका, इतकं नीट कुणीच करत नाही," म्हणाली. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. तिनं ह्यांचे हात पाहिले, तोंड पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, कारण मी हातांकडेच बघत होते आणि मनातून फुगले होते.

घरी आल्यावर हे औषध मागच्या खोलीत दार लावून घ्यायचे. कुणी बघितलेलं चालायचं नाही. "कॉलेजात मी फुंकायचो तेव्हा मुलं बघायला जमायची," एकदा म्हणाले. "आता हे काय बघायचं?" वापरलेल्या कॅप्सूलही टाकायचे नाहीत. काचेसारखं काही दिसलं की ह्यांच्यानं ते टाकवत नाही. स्वतः बनवलेल्या एका बरणीत त्या जमवून बरणी खिडकीत ठेवायचे.

श्वास कमी पडायला लागला तसा ह्यांना बर्नरचा भाता मारणं जमेना. भाता पायानं दाबायचा असतो, तेव्हा ज्योतीला हवा मिळते आणि ती पिवळीची निळी होते. मी शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं, यंत्राचं पायडल मारून माझा पाय तयार झालेला. तेव्हा मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "तुम्ही फिरवा, मी दाबते." सवतीचा भाता मीच मारत बसले. दुपारची वेळ असायची. ऊन नळ्यांमधून भिंतीवर उतरायचं आणि पाण्यासारखं हलायचं. ज्योत फुसफुसायची, हे काच फिरवायचे, माझा पाय वर-खाली व्हायचा आणि डोळे जड व्हायचे. कधी वाटायचं, आम्ही दोघं एखाद्या मोठ्या बाटलीच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी अलगद फुंकतंय. चिमण्या, होड्या, पेले असलं काहीबाही हे बनवायचे. एवढंच करायचे दिवसभरात, पण तेवढ्यासाठी उठायचे.

चार महिने औषध घेऊनही तब्येत उतरतच गेली. डॉक्टरांनी पावडर बदलली, गोळ्या वाढवल्या, फुंकायची तपासणी पुन्हा पुन्हा केली. त्या तपासणीत हे कायम पहिले. नाकानं छाती भरून घ्यायची, नळीवर ओठ मिटायचे आणि शेवटच्या थेंबापर्यंत फुंकायचं. तपासणारा दरवेळी म्हणायचा, "तंत्र उत्तम." आकडे मात्र दर वेळी खाली.

एके सकाळी भाजी घेऊन येताना हे जिन्याच्या वळणावर बसले, ते बसलेच. ओठ निळे. तो रंग मी रोज बघत होते, पण तो टेबलावर शोभतो. आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारलं, आणि ह्यांना पहिल्यांदा सवतीचं नाव सांगावं लागलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी आहे. सहा आठवडे बघू. नाही वाढला तर घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल. आणि काका, मशीन आलं की घरात ज्योत नाही. एकही नाही. ऑक्सिजन असला की आग भडकायला वेळ लागत नाही."

घरी येताना रिक्षात हे एकच वाक्य बोलले. "मशीन नको, असं मी म्हणत नाही. पण मग मी दिवसभर करू काय?" आठ वर्षं मी त्या ज्योतीचा दुस्वास केला होता, आणि ती जाणार म्हटल्यावर घरी पोचताच मीच तिचा भाता पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून आरामखुर्चीत झोपले होते. मी मागच्या खोलीत झाडायला गेले. खिडकीतल्या बरणीतून ऊन पडलं होतं आणि भिंतीवर सगळीकडे ठिपके, प्रत्येक ठिपक्यात एक बारकी सावली. मी झाडू टेकवून ते नुसतं बघत उभी राहिले, शाळकरी पोरीसारखी. मग माझ्या डोक्यात आलं की रिकाम्या कॅप्सूलची अशी सावली पडणार नाही.

बरणी उघडली. एक कॅप्सूल उचलून कात्रीनं कापली. आत पावडर होती, ओली होऊन चिकटलेली. दुसरी कापली, तिसरी कापली. वीस कापल्या. सगळ्यांत औषध जसंच्या तसं. चार महिन्यांचा न घेतलेला श्वास त्या बरणीत साठवून ठेवलेला होता, आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून चिमण्या बनवत होतो.

हे उठले तेव्हा मी कॅप्सूल पुढ्यात ठेवल्या. ह्यांचा पारा चढला.

"अडतीस वर्षं मी श्वासावर पोट भरलं. आता तू मला श्वास घ्यायला शिकवणार?"

"शिकवत नाही. माझ्यासमोर घेऊन दाखवा, एवढंच म्हणते."

"मी जोरात ओढतो. छाती भरते माझी."

"मग दाखवा ना."

दाखवलं. बोटांचं सगळं काम सुरेख. ओठ मिटले, छाती वर आली, डोळे मिटले. पण कॅप्सूल भिरभिरली नाही. आवाजच नाही. मी शिवणाच्या डब्यातून एक धागा काढला आणि म्हटलं, "पुन्हा घ्या." धाग्याचं टोक ह्यांच्या नाकाशी धरलं. ह्यांनी ओढलं आणि धागा सरळ नाकात शिरला. हे शिंकले. मग मी धागा यंत्राच्या हवेच्या भोकाशी धरला. तो हललाच नाही, आणि अगदी शेवटी हलला तो बाहेरच्या बाजूला. ह्यांनी नाकानं छाती भरून घेतली होती आणि यंत्रात हलकीशी, मापलेली फुंकर घातली होती.

हे धाग्याकडे बघत राहिले. आता ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "उस्ताद."

उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली हे काच शिकले ते. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, जाड भुवयांचा आणि कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी ह्यांनी फुंकनळी तोंडात धरून चुकून श्वास आत ओढला होता. उस्तादांनी दोन्ही गालांवर एकेक ठेवून दिली. "नळी तोंडात आली की श्वास नाकानं घ्यायचा आणि तोंडानं द्यायचा. विसरलास तर एक दिवस आग पिशील," असं म्हणाले. मग सहा महिने काचेला हात लावू दिला नाही, नुसती थंड नळी दातात धरून नाकानं घे, तोंडानं दे. सहा महिन्यांनी ते ह्यांच्या अंगात उतरलं. अंगात उतरलेलं माणसाला दिसत नाही. ह्यांना खरंच वाटत होतं की आपण तोंडानं ओढतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिस्टरकडे गेलो. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे, काका. मी हात बघितले," म्हणाली. "आणि इथं आम्ही तुम्हाला सारखं फुंकाच म्हणतो. ओढून दाखवा असं कुणी म्हटलंच नाही." मग विचारलं, "स्ट्रॉनं सरबत पिता तसं ओढायचं. कधी प्यायलात ना?"

"नाही," हे म्हणाले.

"एकदाही नाही?"

मी लग्नापासूनचं आठवून बघितलं. खरंच नाही. स्ट्रॉ काढून टेबलावर ठेवायची आणि पेला तोंडाला लावायचा, ही ह्यांची रीत. मला आजवर तो ऐटीचा भाग वाटत होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्यांचं तोंड एकदाच पोळलं होतं, तेही उस्तादांच्या हातानं.

सिस्टर म्हणाली, "मग पंप, ते भांडं आणि नाकातोंडावर बसणारा मास्क देते. नाकानं घेतलं तरी चालेल." ह्यांनी मास्ककडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "एक आठवडा द्या. नाही जमलं तर मास्क." सिस्टरनं ऐकलं, पण आठवडाभर मास्क घरी नेऊन रोज वापरायची अट घातली. ती ह्यांनी पाळली, दार लावून.

त्या आठवड्यात ह्यांनी एक वस्तू बनवली. बोटाएवढी उभी नळी, तळाशी बारीक भोक, वरून वळलेली तोंडात धरायची शेपटी आणि आत मिऱ्याएवढा निळा मणी. वरून तोंडानं ओढलं तरच मणी वर चढेल, फुंकलं तर तळाशी खुळखुळत बसेल. मी भाता मारला. पहिली नळी ह्यांच्या खोकल्यानं वाकडी झाली, दुसरी फुटली. तिसऱ्या वेळी मी श्वास रोखून बसले होते, आणि नळी सरळ आली.

वस्तू सुंदर झाली, पण मणी जागचा हलेना. हे शेपटी ओठात धरायचे आणि नाकपुड्या फुलायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या दिवशी माझा धीर संपला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, तर मी खरोखरच ह्यांचं नाक चिमटीत धरलं. हे घाबरले, माझा हात झटकला, नळी टेबलावरून घरंगळली ती मी पदरात झेलली. धाप बसायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर हे संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी भांडी आदळत बसले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती मला रागासारखी दाखवायची होती.

पाचव्या दिवसाची दुपार. जेवण झालं होतं, गल्लीत सामसूम होती, पडदा आत-बाहेर होत होता. हे आरामखुर्चीत झोपले होते, मान एका बाजूला आणि तोंड किंचित उघडं. मी समोर बसून गुंड्या लावत होते. पडदा आत यायचा, बाहेर जायचा. ह्यांची छाती वर यायची, खाली जायची. माझेही डोळे मिटत होते. त्या गुंगीत मला दिसलं की ह्यांचे ओठ आतल्या बाजूला थरथरतायत. हे तोंडानं श्वास घेत होते.

मी सुई खोचून ठेवली. अनवाणी उठले, टेबलावरची नळी आणली आणि तिची शेपटी हलकेच ह्यांच्या ओठांत ठेवली. ओठ आपसूक मिटले. मी वाट बघितली. पडदा आत आला आणि तो निळा मणी तळापासून सुटला, नळीतून वर गेला, वर थांबला, पुन्हा खाली आला. पुन्हा वर गेला. मी किती वेळ तशी उभी होते मला सांगता येणार नाही. स्वप्नात माणूस चालायला लागला की जसं वाटतं, पाय आहेत पण जमीन नाही, तसं मला वाटत होतं. झोपेत उस्ताद नव्हते. झोपेत ह्यांचे गाल कुणी लाल केले नव्हते.

हे जागे झाले ते मणी वर असतानाच. डोळे उघडले, मणी बघितला, आणि मणी तिथंच थांबला. ह्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले, आणि मणी अजून एक बोटभर वर गेला.

त्यानंतर जमायला लागलं, पण आरामखुर्चीतच, मान टाकून, डोळे अर्धे मिटून. "त्यांना झोपवावं लागतं आधी," हे म्हणायचे. कुणाला, ते मी विचारलं नाही. मग एके दिवशी आरपार दिसणारं यंत्र हातात घेतलं, आणि मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. भिर्रर्र, भिंगरीसारखा. कॅप्सूल कापून बघितली. आत काहीही नव्हतं. सिस्टरला फोनवर आवाज ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "मास्क परत आणा."

सहा आठवड्यांनी बोटावर ब्याण्णव आलं. जिन्यात तीन वेळा थांबत होते, आता एकदाच थांबतात. डॉक्टर म्हणाले, "मशीनचं सध्या काही नाही." ह्यांनी विचारलं, "आणि ज्योत?" डॉक्टर हसले. "खिडकी उघडी ठेवून, थोडाच वेळ. पण मी हो म्हणालो असं कुणाला सांगू नका." वाटेत मीच काचेच्या दुकानाशी थांबून नळ्या घेतल्या. सवतीसाठी बाजार करणारी बायको मी जगात एकटीच असेन.

त्याच दुपारी हे टेबलाशी बसले. म्हणाले, "तुला एक गोळा करून देतो. पहिल्यासारखा." मी स्टूल ओढलं. ज्योत पिवळीची निळी झाली. नळीचं टोक ज्योतीत गेलं, फिरायला लागलं, लालसर झालं, मग पिकल्या संत्र्यासारखं. ह्यांनी रबराची नळी ओठात धरली. आता फुगेल म्हणून मी काचेकडे बघत होते, आणि काच आत गेली. दात नसलेल्या म्हातारीचा गाल जावा तशी आत ओढली गेली आणि तशीच राहिली.

ह्यांनी नळी तोंडातून काढली. खोकले. काच लांब होती, नळीही लांब, म्हणून कोमट हवेवर भागलं. दुसरा तुकडा घेतला. त्या वेळी थोडा फुगला, आणि मग तोही आत गेला. तिसरा तुकडा घेतला नाही. हात पुढे केला आणि गॅसचा कान पिळला. ज्योत गेली. मी भाता मारतच होते.

"थांब आता," हे म्हणाले. आणि मग, कुणाच्या घरून निरोप आल्यासारखं, "उस्ताद गेले गं."

सुंठीवाचून खोकला गेला, असं कुणीही म्हणेल. मला रडू कोसळलं. मी म्हटलं, "पुन्हा शिकाल. सहा महिने लागतील, लागू देत."

"दोन्ही एका तोंडात नाही राहत. एकदा चुकून आग प्यायलो की संपलं."

"असं होईल हे तुम्हाला माहीत होतं?"

"जाग आली आणि मणी वर दिसला, तेव्हाच कळलं. तरी वाटलं, बघू, कदाचित दोन्ही जमेल."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही थांबलात? मी तर ही ज्योत राहावी म्हणून मरत होते."

हे टेबलावरची धूळ फुंकायला गेले, आणि न फुंकता बोटानं पुसली. "मणी वर गेला की तू हसायचीस," म्हणाले. "आणि मला अजून राहायचंय तुझ्याजवळ. मागच्या खोलीत काय, कुठंही राहता येईल."

बर्नर आता कपाटावर आहे, त्या प्लॅस्टिकच्या भांड्याशेजारी. टेबलावर मी माझं शिवणयंत्र आणून ठेवलंय, आणि हे माझ्या सुयांत दोरे ओवून देतात. जागा माझी झाली तरी मला ती माझी वाटत नाही. पाय अजून कधीकधी आपसूक भाता शोधतो. खिडकीत मी दोन गोळे ठेवलेत. एक लग्नाआधीचा, गोल, आणि एक तो आत गेलेला.

संध्याकाळी हे औषध घेतात, दार उघडं ठेवून, माझ्यासमोर. भिर्रर्र होतं. श्वास आत गेला की दहा आकडे रोखून धरायचा असतो, ते मी मोजते. दहा झाले की मी मान हलवते, आणि हे श्वास सोडतात, खिडकीबाहेर.